व्होनेटच्या रायफलीचा आकडा

सलग तिसऱ्या वर्षी व्होनेट हॉगलंडनं आमच्या क्लबची सप्टेंबरची नेमबाजीची स्पर्धा जिंकली, तेव्हा सॉर्बीतल्या पुरुषांनी ती गोष्ट जमेल तितक्या दिलदारपणे घेतली. म्हणजे शनिवारी तिच्यासमोर टाळ्या वाजवल्या आणि सोमवारी सकाळी माझ्या दुकानात येऊन नाकं मुरडली.

माझं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, कुंपणाची तार, गुरांचं मीठ, आणि मागच्या भिंतीला रायफलीच्या गोळ्या, बंदुकीची दारू आणि पितळी कवचं. मोंटानाच्या ह्या टोकाला हिवाळा पाच महिने हलत नाही, आणि माणसं गॅरेजमध्ये शेगडी पेटवून स्वतःची काडतुसं स्वतः भरत बसतात. बायकांना वाटतं नवरा काहीतरी उपयोगाचं करतोय. नवऱ्यालाही तसंच वाटतं.

व्होनेट शाळेत माझ्या एक वर्ष पुढे होती. एकतीस वर्षं ती शाळेची बस चालवतेय. सात नंबरचा मार्ग, एकसष्ट मैल, त्यातले पन्नास खडीचे. बोलणं बेताचं. तिच्या वाटचं सगळं बोलणं तिचा नवरा ऑरिन बोलून टाकतो. ऑरिन मधमाश्या पाळतो, चर्चमध्ये अकॉर्डियन वाजवतो आणि बंदुकीच्या आवाजाला घाबरतो. नेमबाजीच्या दिवशी तो कानात कापूस घालून गाडीत बसतो आणि खिडकी खाली करून येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारतो. कापसामुळे समोरच्याचं त्याला ऐकू येत नाही, पण त्यानं त्याचं काही अडत नाही.

आता मजा अशी की व्होनेट ज्या रायफलीनं जिंकायची ती मूळची गेलन राशची. गेलन आमच्याकडे घरोघर गॅसच्या टाक्या भरतो. आवाज मोठा, मन वाईट नाही, पण आपलं चुकलं हे त्याला फार उशिरा कळतं. आठ वर्षांपूर्वी त्याची ती रायफल गोळ्या विखरून टाकायला लागली. "नळी झिजली, संपली," असं म्हणून त्यानं ती दोन बादल्या मधाच्या बदल्यात ऑरिनच्या गळ्यात मारली. ऑरिनला अल्फाल्फाच्या चाऱ्यातल्या खारी हाकलायला काहीतरी हवं होतं. त्यानं ती घरी नेली, एकदा झाडली आणि बायकोच्या हातात दिली. इकडे गेलन महिनाभर सगळ्यांना सांगत फिरला, की आयुष्यात इतका स्वस्त मध त्यानं कधी खाल्ला नव्हता.

व्होनेटनं त्या हिवाळ्यात माझ्याकडून काडतुसं भरायचं एक पुस्तक नेलं. बर्फानं शाळा बंद असली की ती वाचत बसायची. मग एक दिवस येऊन तिनं मला विचारलं, "मिल्ट, पुस्तकात काडतुसाची लांबी दिलीय. पण ही नळी आतून झिजलेली आहे, हे पुस्तकाला कसं कळणार?"

मी म्हटलं, "नाही कळणार."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली आणि गेली.

ह्यात काही मोठं शास्त्र नाही. पितळी कवचात दारू भरायची आणि वर गोळी दाबून बसवायची. नळीच्या आत आटे असतात, ते गोळीला फिरकी देतात. कवचातून सुटलेली गोळी त्या आट्यांना भिडेपर्यंत मधे थोडी उडी मारते. गोळी बाहेर ठेवली की उडी आखूड, आत दाबली की लांब. कुठल्या रायफलीला किती उडी मानवते हे कोणी सांगू शकत नाही. आम्ही हे अंतर थाऊत मोजतो, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात. पाच थाऊ म्हणजे वहीचं एखाद-दुसरं पान. तेवढ्यानं एका रायफलीच्या पाच गोळ्या एका भोकात जातात आणि दुसरीच्या ताटाएवढ्या पसरतात. आणि वर्षानुवर्षं झाडून झाडून आट्यांची सुरुवात झिजून पुढे सरकत जाते. गेलन पुस्तकातल्या लांबीला धरून बसला होता, आणि आटे त्याच्यापासून गुपचूप लांब गेले होते. नळी संपली नव्हती. व्होनेटनं पाच-पाच थाऊ करत गोळी बाहेर आणली, प्रत्येक मापाच्या पाच पाच झाडल्या, आणि प्रत्येक कागद तारीख घालून ठेवला. चांगलाही आणि वाईटही. गेलन फक्त चांगले ठेवायचा. त्याच्या फ्रिजवर एक कागद आहे, त्यावर त्याच्या मुलाच्या जन्माआधीची तारीख आहे.

तर त्या सोमवारी सगळे माझ्या दुकानात जमले होते आणि विषय एकच होता.

"तिच्याकडे काहीतरी आकडा आहे," आमचा पशुवैद्य म्हणाला. "ती गोळी कुठे बसवते, तो."

"मग विचारा की तिला," मी म्हटलं.

"मी विचारू?" गेलन म्हणाला. "माझीच रायफल, मी तिला विचारू, बाई, ही कशी चालवायची? त्यापेक्षा मी पोहायला शिकेन."

"मिल्ट, तू विचार," पशुवैद्य म्हणाला. "तू दुकानदार आहेस. तुला विचारायला लाज नाही."

त्यानं ते चांगल्या अर्थानं म्हटलं असावं. बुधवारी व्होनेट गोळ्यांचा डबा घ्यायला आली, तेव्हा मी विचारलं. तिनं क्षणभरही आढेवेढे घेतले नाहीत.

"दोन पॉइंट आठ सात दोन," ती म्हणाली.

काडतुसाची लांबी, इंचात. मी पावतीच्या मागे लिहून घेतलं. ती पुढे बोलत होती. तेवढ्यात एका गिऱ्हाइकानं पाइपचा जोड मागितला, मी तिकडे वळलो. परत आलो तेव्हा तिचं बोलणं संपत आलं होतं. मी मान डोलावली. ती डबा घेऊन गेली.

माझ्या तोंडाला कधी कुलूप नव्हतंच. शुक्रवारपर्यंत तो आकडा स्टॉकमन कॅफेत पोचला, तिथून धान्याच्या कोठारावर, तिथून शाळेच्या मुख्याध्यापकांपर्यंत. त्या आठवड्यात मी गोळ्यांचे जितके डबे विकले तितके एरवी वर्षात विकत नाही. गावातल्या सगळ्या गॅरेजांमधून दिवे जळत होते.

पुढच्या शनिवारी मैदानावर चौदा माणसं दोन पॉइंट आठ सात दोनची काडतुसं घेऊन आली. त्या दिवशी सरावाची जबाबदारी माझ्याकडे होती. पहिल्या फेरीनंतर मी दुर्बिणीतून कागद पाहिले आणि मला वाटलं दुर्बीण बिघडली. मुख्याध्यापकांच्या गोळ्या इतक्या लांब लांब होत्या की त्यांचा एकमेकींशी परिचय नसावा. पशुवैद्याचं त्याहून वाईट. सगळे आपापली काडतुसं उलटसुलट करून बघत होते.

गेलननं दुसऱ्या फेरीत पहिलं काडतूस घातलं. त्याची रायफल नवी कोरी. काडतूस आत ढकलणारा बोल्ट बंद होईना. त्यानं तळहातानं ठोकून बंद केला. आणि नेमकं त्याच वेळी हरणांचा एक कळप निशाण्यांच्या रांगेपुढून रमत गमत चालला. मी ओरडलो, "थांबा. सगळे बोल्ट उघडा."

गेलननं बोल्ट ओढला. कवच बाहेर आलं, पण गोळी नळीतच रुतून बसली. आणि कवचातली सगळी दारू रायफलीच्या आत, टेबलावर, त्याच्या मांडीवर सांडली. काळ्या साबुदाण्यासारखी. हरणं सावकाश निघून गेली.

मग गेलन उठला आणि सरळ व्होनेटच्या टेबलाकडे गेला.

"व्होनेटबाई," तो म्हणाला, "तुला सांगायचं नव्हतं तर नाही म्हणायचं होतं. खोटा आकडा कशाला दिलास?"

व्होनेटनं चष्मा काढला. "मी खोटं नाही बोलले, गेलन."

"चौदा जणांचं वाट्टोळं झालंय इथे. तुझं एकटीचं सोडून."

"तुझी रायफल बघू दे."

"का? अजून काय करायचंय तिचं?"

ती उठली. आपली साफसफाईची काठी घेऊन त्याच्या टेबलाशी गेली, सांडलेली दारू पुसून काढली, काठी तोंडाकडून नळीत घातली आणि दोन टोले देऊन रुतलेली गोळी मागे पाडली. गोळी हातात घेऊन तिनं उन्हात धरली. तिच्यावर आट्यांचे खोल ओरखडे उठले होते. तिचा चेहरा पांढरा पडलेला मी पाहिला. तिनं गोळी टेबलावर ठेवली, आपलं सामान आवरलं आणि निघून गेली. ऑरिन कापूस घालून बसला होता. त्याला काहीच ऐकू गेलं नव्हतं, तो जाताना सगळ्यांना हात हलवत गेला.

त्यानंतर दोन आठवडे व्होनेट माझ्या दुकानात आली नाही. रविवारी चर्चनंतरच्या कॉफीलाही थांबली नाही. कॅफेत तिच्याविषयी बोलताना लोकांचा आवाज खाली जायचा. उघड कोणी वाईट बोललं नाही, पण "कोणाला वाटलं असतं?" हे वाक्य मी बरेचदा ऐकलं.

मग एका सकाळी ऑरिन आला. हा माणूस दुकानात शिरला की आधी हवापाण्याच्या गप्पांत दहा मिनिटं जातात. त्या दिवशी तो सरळ गल्ल्यापाशी येऊन उभा राहिला.

"मिल्ट, काल बसमध्ये गेलनच्या नातीनं व्होनेटला विचारलं, तुम्ही आमच्या आजोबांना फसवलंत का?"

मी हातातलं पावतीपुस्तक मिटलं.

"पोरगी लहान आहे. तिचा काय दोष? पण व्होनेट रात्री जेवली नाही. मी ओव्हनमध्ये बटाट्याचा हॉटडिश केला होता. तिला तो आवडतो." त्यानं गल्ल्यावर हात टेकला. "तिनं तुला आकडा दिला, तेव्हा पुढे काय सांगितलं होतं?"

"पुढे?"

"ती म्हणते तिनं तुला सांगितलं होतं, हे माप माझ्या झिजलेल्या नळीचं आहे, दुसऱ्या कोणी वापरू नये. आधी ज्यानं त्यानं आपल्या रायफलीचं माप घ्यावं. नव्या नळीत एवढी लांब गोळी आट्यांत घुसेल, दाब वाढेल, डोळा जाईल. हे तू सांगितलंस का लोकांना?"

माझ्या डोळ्यांसमोर तो पाइपचा जोड आला. मी मान डोलावली होती. ऐकलं नव्हतं.

"तिला खोटारडी म्हणाले ह्याचं तिला एवढं नाहीये," ऑरिन म्हणाला. "गेलनची गोळी सुटली असती तर काय, हेच ती म्हणत असते. माझ्या आकड्यानं, म्हणते."

नेहमीसारखा मला मध न विकताच तो गेला.

त्याच दिवशी अकरा वाजता मी कॅफेत गेलो. सगळे होते. मी बसलो नाही, नाहीतर धीर झाला नसता. जे झालं होतं ते सगळं सांगितलं, पाइपच्या जोडासकट.

"म्हणजे," पशुवैद्य म्हणाला, "तिनं औषध दिलं आणि तू त्यावरची चिठ्ठी फाडलीस."

"हो."

"आणि आम्ही न विचारता प्यायलो," मुख्याध्यापक म्हणाले. ते गणित शिकवायचे, त्यांना ते जास्त लागलं.

गेलन टोपी फिरवत बसला. मग म्हणाला, "मिल्ट, तू गाढव आहेस," आणि कॉफीचे पैसे न देता उठून गेला. ते मी दिले.

मी व्होनेटकडे गेलो तेव्हा ती बस धूत होती. मी माफी मागितली. ती पाण्याची नळी हातात धरून ऐकत राहिली.

"बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली. थोडं पाणी मारलं. मग म्हणाली, "गेलनला सांग, शनिवारी रायफल घेऊन ये. आणि त्याची रिकामी कवचं."

"तू शिकवणार त्याला?"

"नळी चांगली आहे त्याची, मिल्ट. मी आत बघितलंय. फुकट चाललीय."

गेलन येईल असं मला वाटलं नव्हतं. पण शनिवारी सकाळी त्याचा ट्रक हॉगलंडांच्या अंगणात उभा होता, आणि मी ह्या प्रकरणातला गुन्हेगार असल्यामुळे कागद बदलायचं काम माझ्याकडे आलं. त्यांच्या शेडमागे शंभर यार्डांची सपाट जागा आहे, तिच्या टोकाला मातीचा बांध.

व्होनेटनं आधी एका कवचात, दारूबिरू काही न भरता, एक गोळी सैल बसवली आणि त्याच्या रायफलीत घालून हळूच बोल्ट लावला. आटे लागले तिथे गोळी मागे सरकली. तिनं ती बाहेर काढून मोजली. असं पाच वेळा केलं.

"दोन पॉइंट आठ चार," ती म्हणाली. "इथे तुझे आटे सुरू होतात. तू गोळी बत्तीस थाऊ आत घुसवत होतास."

गेलन त्या गोळीकडे बघत राहिला. "बत्तीस," तो म्हणाला.

"आता इथून मागे यायचं. दहा दहा. प्रत्येकाच्या पाच. दारू मी जरा कमीच ठेवलीय."

पहिल्या पाच साधारण होत्या. दुसऱ्या मापाच्या, वीस थाऊ मागे, पहिल्या तीन गोळ्या एकमेकींना चिकटल्या. गेलन खुर्चीतून उठलाच.

"सापडलं. बास. हेच."

"अजून दोन आहेत."

"अगं, बघ तरी. एका नाण्याखाली झाकतील."

"बघितलं. बस खाली. दोन आहेत."

चौथी गोळी दीड बोट उजवीकडे गेली आणि पाचवी खाली. गेलन म्हणाला, वाऱ्यानं गेल्या. वारा नव्हता. ऑरिनच्या शेडवरची झेंडी लोंबत होती. व्होनेटनं कागदावर तारीख आणि माप घातलं.

"तू तीन झाडून घरी जायचास," ती म्हणाली. "आणि तो कागद फ्रिजवर लावायचास."

"तुला कोणी सांगितलं फ्रिजवर?"

"तुझी बायको चर्चमध्ये येते, गेलन."

तीस थाऊला सगळ्यात वाईट. गेलनचं तोंड उतरलं. त्याचं म्हणणं होतं की आपण उलट्या दिशेनं चाललोय, आयुष्यभर त्यानं ऐकलंय की गोळी आट्यांच्या जितकी जवळ तितकी बरी. व्होनेट म्हणाली, असेलही तसं, कोणाच्या तरी रायफलीला मानवत. मधेमधे नळी थंड व्हायला थांबावं लागायचं. मग ऑरिन बिस्किटं घेऊन यायचा आणि माश्यांच्या राण्यांबद्दल सांगायचा. गेलन कंटाळून "हो का" म्हणायचा, आणि कानात कापूस असल्यामुळे ऑरिनला ते उत्तेजन वाटायचं.

चाळीसला जरा बरं झालं. पन्नासला मी कागद आणायला गेलो आणि चालता चालता थांबलो. पाचही गोळ्या एका भोकात नव्हत्या, पण सगळ्या मिळून अंगठ्याच्या नखाखाली मावल्या असत्या. साठलाही तसंच. सत्तरला पुन्हा फाकल्या.

गेलननं ते सगळे कागद टेबलावर ओळीनं लावले. बराच वेळ बघितले. दोन छोटे पुंजके आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना पसारा.

"पन्नास," तो म्हणाला शेवटी. "नाहीतर साठ."

"पंचावन्न," व्होनेट म्हणाली. "मधोमध. म्हणजे थोडं इकडे तिकडे झालं तरी रायफल रुसत नाही. आणि पाचशे गोळ्या झाल्या की परत मोजायचं. आटे जागेवर बसून नाही राहत."

"माझी जुनी रायफल," गेलन म्हणाला. "तुझी. तिचं हेच झालं होतं ना?"

"हेच."

"आणि मी ती दोन बादल्या मधाला दिली."

"मध चांगला होता तो," ऑरिन म्हणाला. एवढंच त्याला नेमकं ऐकू आलं होतं.

गेलन हसला. माफी वगैरे त्यानं तिथे काही मागितली नाही, आणि तिनंही वाट बघितली नाही. त्यानं टेबल पुसलं, रिकामी कवचं गोळा केली, आणि ऑरिनच्या घरची गॅसची टाकी काठोकाठ भरून गेला.

सोमवारची गोष्ट मला मुख्याध्यापकांनी सांगितली, त्यांना मुलांनी. सकाळी राशांच्या फाट्यावर बस थांबली तेव्हा नातीबरोबर गेलनही उभा होता. नात चढली. गेलननं पायरीवर एक पाय ठेवला, टोपी काढली आणि बसमधल्या सगळ्या पोरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ह्या बाईंनी मला फसवलं नव्हतं. मी माप घेतलं नव्हतं. नीट ऐका, परत सांगणार नाही." त्याला आवाज चढवावा लागत नाही. मागच्या बाकावरच्यांनाही ऐकू गेलं.

व्होनेट म्हणाली, "गेलन, पाय काढ. दार लागत नाहीये."

त्यानं पाय काढला.

पुढच्या सप्टेंबरमध्ये नेमबाजी गेलननं जिंकली. व्होनेट दुसरी आली, केसभराच्या अंतरानं. तिच्या जुन्या नळीनं आता खरंच मान टाकली होती. तिनं गेलनशी हात मिळवला आणि माझ्याकडे नव्या नळीची मागणी नोंदवली. गेलनचं म्हणाल, तर तो आता असह्य झालाय. कॅफेत कोणी नुसती रायफल म्हटलं की तो पाच गोळ्यांचं महत्त्व सांगायला लागतो, खिशातून कागदांचा गठ्ठा काढतो, आणि त्यातले वाईट कागद आधी दाखवतो. पशुवैद्य म्हणतो, तो फक्त चांगले कागद ठेवायचा तेव्हा परवडायचा.

नवी नळी आली ती नोव्हेंबरात. व्होनेट न्यायला आली तेव्हा बाहेर बस चालूच होती, शाळा सुटायला वीस मिनिटं होती. तिनं खोक्यावरचं वेष्टन काढून नळी दिव्याकडे धरली आणि एक डोळा मिटून आत बघत बराच वेळ उभी राहिली. मागे तीन गिऱ्हाइकं होती, एकाला पाइपचा जोड हवा होता. मी त्यांना थांबायला सांगितलं.